डोंगरात गाडी चढवण्याआधी ती थांबवायला शिकलो

ऑफरोड मोटरसायकल, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची गाडी, घेतल्यापासून लोक मला एकच गोष्ट विचारतात, एवढा उभा चढ तू चढतोस कसा. खरं सांगू का, चढणं त्यातल्या त्यात सोपं आहे. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकायची, वजन पुढे घ्यायचं, नजर वरच्या टोकाला ठेवायची आणि थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, मध्येच सोडायचा नाही, बहुतेक चढ असेच निघून जातात. अवघड काय आहे तर चढाच्या मध्यात गाडी अडली की तिथे उभं राहणं, तिथून ती वळवणं आणि जशी वर आणली तशी धड खाली नेणं. ज्याला हे येतं तो कुठल्याही पायवाटेवर शिरून बघू शकतो, कारण त्याला परत यायची वाट उघडी असते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक चढ म्हणजे एकदा सुटलं की सुटलं. मला हे शिकायला बरेच महिने लागले आणि त्यात काय काय करावं लागलं ते सगळं लिहून ठेवतोय, नवीन शिकणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

मी आधी डांबरी रस्त्यावरच गाडी चालवायचो, लांब लांब जायचो, पण डांबर संपतं तिथून पुढे जी वाट डोंगरात शिरते ती कायम खुणावायची. त्या वाटेवर नेणारा माणूस भेटला तो आमच्याच ग्रुपमधला, वयाने मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. पहिल्याच भेटीत दादाने मला विचारलं, "गाडी पडली तर उचलता येते का?" मी म्हटलं येते की. त्याने माझी गाडी उतारावर नेली, चाकं वरच्या बाजूला आणि हँडल खालच्या बाजूला येईल अशी आडवी केली आणि म्हणाला, उचल आता. कितीही जोर लावला तरी हलेना. मग त्याने दाखवलं, आधी गाडी आहे तशी जमिनीवरच ओढून फिरवायची, चाकं उताराकडे आली पाहिजेत, म्हणजे तिला पूर्ण नव्वद अंश उभं करावं लागत नाही, अर्धं काम उतारच करतो. मग गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक फिरून घसरणार नाही, हँडल पूर्ण एका बाजूला वळवायचं, दोन्ही हातांनी पकडायचं आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या ताकदीने उठायचं. तेव्हाच कळलं की इथे ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे.

गाडीबद्दल फार लांबण लावत नाही कारण त्यावर वाद घालणारे भरपूर आहेत. एवढंच सांगतो की वजन हीच सगळ्यात मोठी गोष्ट. निव्वळ एन्ड्युरोसाठी, म्हणजे खडतर वाटांवरच्या लांब शर्यतींसाठी, बनवलेली गाडी शंभर ते एकशेदहा किलोच्या आसपास असते, मोठ्या ॲडव्हेंचर गाड्या दोनशेच्या वर जातात, आणि पायवाटेवर पडलेली गाडी दिवसभरात वारंवार उचलायची असते तेव्हा हा फरक संध्याकाळपर्यंत अंगात जाणवतो. पुढचं चाक २१ इंची का असतं तर मोठं चाक दगडावर, मुळांवर सहज चढतं, खड्ड्यात कमी अडकतं. मागे १८ इंची, म्हणजे टायरची भिंत उंच मिळते आणि रिम दगडावर आपटत नाही. बाकी सीसी किती, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, हे शिकताना फारसं आडवं येत नाही असं माझं मत आहे. उलट कमी ताकदीच्या गाडीवर क्लच चांगला शिकला जातो.

सेटिंगकडे मात्र लक्ष द्यायचं. डोंगरात निम्म्याहून जास्त वेळ आपण फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे असतो, त्यामुळे ब्रेक आणि क्लचच्या लिव्हर थोड्या खाली वळवून घ्यायच्या, उभं राहिल्यावर मनगट सरळ राहिलं पाहिजे. लिव्हरचा क्लॅम्प फार आवळायचा नाही, गाडी पडली की लिव्हर फिरली पाहिजे, तुटली नाही पाहिजे. मागच्या ब्रेकचं पेडल बुटाच्या हिशोबाने लावायचं कारण ऑफरोड बूट जाड असतो आणि त्यात घोटा जवळजवळ वाकतच नाही. बुटात पैसे वाचवू नका, हेल्मेटइतकेच महत्त्वाचे आहेत ते. दगड आणि गाडी यांच्यामध्ये पाय सापडणं ही इथली अगदी नेहमीची दुखापत आहे, आणि बूट चांगला असेल तर बहुतेक वेळा माणूस पाय झटकून उठतो आणि पुढे निघतो.

मग टायरमधली हवा. रस्त्यावर जेवढी भरतो तेवढ्या हवेवर दगडात गेलं की गाडी चेंडूसारखी उडत राहते, टायरला जमिनीला धरताच येत नाही. हलक्या एन्ड्युरो गाडीत जाड ट्यूब आणि रिम लॉक असेल तर १२ ते १५ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) खाली येता येतं, जड गाडीत एवढं खाली गेलं तर रिमच वाकेल, तिथे पंचविशीच्या आसपास थांबायचं. रिम लॉक म्हणजे टायरला रिमवर दाबून धरणारा तुकडा, तो नसेल तर कमी हवेत टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघतो. हवा कमी केल्यावर त्याच चढावर गाडी कशी चिकटून चढते ते अनुभवल्याशिवाय पटत नाही. परतताना रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायची, म्हणून पंप सोबत पाहिजेच.

हे झाल्यावर मला वाटलं आता डोंगर. दादा म्हणाला आता मैदान. आणि मग बरेच दिवस सपाट मोकळ्या जागेत नुसतं हळू चालवणं चाललं होतं. चालणाऱ्या माणसापेक्षा हळू. पहिला गिअर, क्लच अर्धा, थ्रॉटल स्थिर आणि मागच्या ब्रेकवर पाय किंचित, या तिघांची ओढाताण करून गाडी सरळ रेषेत रांगवायची. मग आठचा आकडा काढायचा, मग तो लहान लहान करत न्यायचा, मग उभं राहून तेच करायचं. उभं राहून वळताना गाडी आतल्या बाजूला झुकवायची आणि आपलं वजन बाहेरच्या फुटपेगवर, शरीर सरळच ठेवायचं. रस्त्यावर आपण गाडीबरोबर झुकतो, इथे गाडी आपल्या खाली झुकते आणि आपण तिच्यावर तोल धरून उभे असतो. हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो पण एकदा पडला की खडीवर मागचं चाक थोडं सरकलं तरी घाबरायला होत नाही.

ट्रायल्स नावाचा जो खेळ आहे तो सगळा याच्यावरच उभा आहे. त्यात वेगाला किंमत नाही, पाय टेकला की गुण चढतात, एकदा टेकला तर १, दोनदा २, तीन किंवा जास्त वेळा ३, आणि अडकलात किंवा पडलात तर ५, ज्याचे गुण कमी तो जिंकला. स्पेनचा टोनी बोऊ २००७ ते २०२४ दरवर्षी इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही जागतिक विजेतेपदं जिंकत आलाय, त्याला दगडावर गाडी जागच्या जागी उभी करून पुढचं चाक उचलून दिशा बदलताना बघितलं की कळतं, गाडीवरचा ताबा म्हणजे काय. आपल्याला तेवढं काही जमणार नाही, पण पाय न टेकवता तीन सेकंद जागच्या जागी तोल धरता आला तरी पायवाटेवर विचार करायला वेळ मिळतो. माझ्या मते डोंगरात हवा असतो तो हा वेळ. पुढे दगड दिसला, लाईन (चाक न्यायचा मार्ग) बदलायची आहे, एक क्षण थबकायचं, बघायचं आणि मग क्लच सोडायचा.

आता मूळ मुद्द्यावर येतो, चढावर थांबणं. दादाने एक गवताळ उतार निवडला होता, खाली मोकळं मैदान, दगड नाहीत, झाडं नाहीत, म्हणजे काही झालं तरी गाडी घसरून मैदानात येणार. तिथे त्याने मला मुद्दाम अर्ध्यात थांबायला लावलं. पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा जे सगळे करतात तेच अंगातून निघतं, गाडी अडली की हात आपोआप क्लच दाबतो. आणि इथेच घोटाळा आहे, क्लच दाबला की मागचं चाक मोकळं, मग उरतो फक्त पुढचा ब्रेक, आणि चढावर सगळं वजन मागे गेलेलं असतं त्यामुळे पुढचं चाक जाम केलं तरी ते घसरत मागे येतं. उजवा पाय तोल सांभाळायला जमिनीवर टेकलेला असतो त्यामुळे मागचा ब्रेक मिळत नाही. गाडी उलटी धावायला लागते.

मग करायचं काय? क्लचला हात लावायचाच नाही. गाडी दमतेय असं वाटलं की तिला गिअरमध्येच बंद पडू द्यायची आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबायचा. बंद पडलेलं इंजिन गिअरमधून मागच्या चाकाला धरून ठेवतं, कारण चाकाला फिरायचं तर आता इंजिनच्या कॉम्प्रेशनला, म्हणजे आत दाबलेल्या हवेच्या विरोधाला, हरवून फिरावं लागतं. गाडी जागेवर राहते. मग श्वास घ्यायचा, घाई कशाचीच नाही, गाडी कुठेही जात नाही.

वळवण्याची रीत अशी, आणि ही मी इतक्या वेळा केली की आता झोपेतही सांगेन. इंजिन बंदच, गिअर पहिला. हँडल पूर्ण डावीकडे वळवायचं. डावा पाय जमिनीवर घट्ट, गाडी किंचित डावीकडे आपल्या मांडीवर टेकवायची. पुढचा ब्रेक थोडा सैल करायचा आणि क्लच हळूहळू आत घ्यायचा, क्लच आत घेतला तेवढी गाडी मागे सरकते, सोडला की थांबते, म्हणजे आता क्लचची लिव्हर हाच आपला मागचा ब्रेक. हँडल डावीकडे असल्यामुळे मागे सरकताना गाडीचं तोंड उजवीकडे फिरत जातं. एक वीत, थांबा, पुन्हा एक वीत. करता करता गाडी उताराला आडवी होते, चढाची बाजू आपल्या डावीकडे येते आणि डावा पाय चांगला टेकतो. वजन कायम चढाच्या बाजूला, हे अजिबात विसरायचं नाही, एकदा का उताराच्या बाजूला कललात तर तिकडे टेकायला पायाखाली जमीनच नसते. आडवी झाली की हँडल उताराकडे वळवायचं, गाडी हळूच खाली तोंड करते, आणि मग पहिल्याच गिअरमध्ये क्लच सोडून इंजिनच्या ब्रेकवर खाली.

चढ याहून उभा असेल आणि उभं राहणंच शक्य नसेल तर गाडी सरळ चढाच्या बाजूला आडवी झोपवायची आणि फुटपेगवर गरागरा फिरवून तोंड खाली करायचं. यात शरम काही नाही. मोठमोठे रायडर हेच करतात. फक्त एकच नियम, गाडीच्या खालच्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही, ती सुटली तर शंभर किलो थेट अंगावर येतात. आणि झोपवलेली गाडी फार वेळ तशी ठेवायची नाही, टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळतं.

मला वाटतं हा जो सराव झाला त्याने माझ्या मनातली भीती गेली. म्हणजे चढ काही सोपे झाले नाहीत, तेवढेच उभे आहेत, पण आता चढाच्या पायथ्याशी उभा असताना डोक्यात "नाही निघाला तर" हा प्रश्न येत नाही, त्याचं उत्तर हातात असतं. आणि गंमत अशी की भीती गेली की खांदे सैल होतात, खांदे सैल झाले की गाडी आपल्याआप लाईन धरते आणि चढ निघतो.

उतार हा वेगळा विषय आहे. तिथे पहिला गिअर, क्लच पूर्ण बाहेर, बूड मागे, गुडघ्यांनी टाकी घट्ट आणि हात सैल. हात ताठ केले की प्रत्येक दगडाचा धक्का हँडलमधून खांद्यात आणि खांद्यातून परत हँडलमध्ये जातो. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं त्यामुळे खरं थांबवायचं काम पुढचाच ब्रेक करतो, लोक घाबरून तो सोडून देतात आणि फक्त मागचा दाबतात, मागचं चाक लगेच जाम होतं आणि गाडी घसरगुंडीवर बसल्यासारखी जाते. पुढचा एका बोटाने, दाबत सोडत, चाक जाम झाल्याचं जाणवलं की लगेच सैल. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर निदान मागच्या चाकाचं तरी बंद करता यायला पाहिजे, सुट्या खडीवर एबीएस ब्रेक लागूच देत नाही. आणि नजर, नजर पुढच्या चाकावर नाही, पाच सहा मीटर पुढे. ज्या दगडाकडे बघत बसाल त्याच दगडावर जाल, हे अक्षरशः खरं आहे.

एवढं झाल्यावर दादाने एका लांब वाटेचं नाव काढलं, दिवसभराची, डोंगराच्या एका सोंडेवरून चढून वर खिंडीपर्यंत. आम्ही तिघं होतो. आधीच्या आठवड्यात नकाशा घेऊन बसलो. नकाशा वाचायला शिकाच, फोनवरची निळी रेघ पुरत नाही. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतील तर एका सेंटीमीटरमध्ये पाच रेषा ओलांडल्या म्हणजे १०० मीटर चढ, सरासरी २० टक्के. अशा ठिकाणी दगड धड असतील तर गाडी जाते. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर तिथे वाट वळणं घेत जाते का सरळ हे बघायचं. आम्ही प्रत्येक अवघड टप्प्याच्या आधी परत फिरता येईल अशी जागा नकाशावर खूण करून ठेवली, आणि परत फिरायची वेळही ठरवून टाकली, कुठेही असलो तरी दुपारी एकला तोंड खाली. उंचावर दुपारनंतर ढग जमतात, विजा पडतात आणि उघड्या धारेवर माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते. पेट्रोलचा हिशोब किलोमीटरवर न करता तासांवर केला, पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर गाडी किती पिते त्याचा रस्त्यावरच्या ॲव्हरेजशी काही संबंध नसतो. एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक.

खालचा टप्पा जंगलातला, ओली मुळं आणि खोल चाकोऱ्या. मुळं काटकोनातच ओलांडायची, तिरकी घेतली की चाक मुळावरून सरकत जातं. आणि ओलांडताना थ्रॉटल नाही, ब्रेक नाही, फक्त वेग तसाच. चाकोरीत शिरलो की तिच्यातच राहायचं, मधूनच बाहेर पडायचा प्रयत्न केला की चाक कडेला चढत नाही आणि गाडी आडवी होते. इथे आम्ही सगळेच आलटून पालटून पडलो. पडलं की उठायचं, पाणी प्यायचं, पुढे.

मग ओढा लागला. पाणी गुडघ्याच्या खाली होतं पण दादाने आधी बूट घालून पायी पार केला, तळाला गोटे केवढे आहेत, शेवाळ कुठे आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे खालच्या अंगाला काय आहे, पाण्याने ओढून नेलं तर कुठे नेईल, हे बघितलं. एअर फिल्टरचा डबा कुठे आहे ते आपल्या गाडीत माहीत पाहिजे, तिथवर पाणी जाता कामा नये. पहिला गिअर, उभं राहून, नजर पलीकडच्या काठावर, चालण्याच्या वेगाने. पाण्यात गाडी पडली आणि इंजिनने पाणी ओढलं असेल तर काही झालं तरी स्टार्टर दाबायचा नाही. पाणी हवेसारखं दबत नाही, पिस्टन त्याच्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपलं. प्लग काढायचा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर उडवायचं, फिल्टर पिळायचा, मगच चालू करायचं. आमच्यातल्या तिसऱ्याची गाडी गोट्यावरून सरकली होती पण त्याने पडता पडता किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करणारं बटण, दाबला, त्यामुळे पाणी आत गेलंच नाही. तो बोटाजवळचा स्विच म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे.

झाडं संपली आणि वाट नागमोडी वर निघाली, सुटा घसारा, म्हणजे चाकाखाली सरकणारे दगड आणि माती. इथे त्या मैदानातल्या आठच्या आकड्याचं चीज झालं. वळण इतकं अरुंद की एका फेरीत बसत नाही, वळणाच्या आधी पूर्ण थांबायचं, चढाच्या बाजूचा पाय टेकायचा, पुढचं चाक बाहेरच्या कडेपर्यंत न्यायचं, क्लच एकदाच ठोस सोडून मागचं चाक थोडं फिरवायचं आणि निघायचं. चाक जास्त फिरवत बसलं की ते खड्डा खोदतं आणि आपण त्यातच रुततो. आणि कुणी नागमोडी वळणं तोडून सरळ चढायचा मोह करू नका. ती रेघ पहिल्याच पावसात नाला होते, माती वाहून जाते, आणि वाट बंद होते ती आपल्या सगळ्यांसाठी. पायी चालणारे दिसले तर थांबायचं, घोडे दिसले तर इंजिनही बंद करायचं आणि उताराच्या बाजूला उभं राहायचं. ज्या वाटेवर गाडीला परवानगी नाही तिथे शिरायचंच नाही. मी हे सगळं मनापासून सांगतोय, कारण वाटा एकदा बंद झाल्या की परत उघडत नाहीत.

उंची वाढली तशी गाडी मंदावली. ३००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांशच उरते, इंजिनला तेवढाच कमी प्राणवायू, तेवढीच ताकद कमी. फ्युएल इंजेक्शन असेल तर ते पेट्रोल आपोआप कमी करतं, कार्ब्युरेटरवाली गाडी मात्र पेट्रोल जास्त होऊन घुटमळायला लागते, काळा धूर सोडते, तिला लहान जेट (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचा तुकडा) लावावा लागतो. ताकद मात्र दोघींचीही जाते. खाली दुसऱ्यात निघणारा चढ इथे पहिल्यात घ्यायचा. आणि आपल्या फुफ्फुसांचंही तेच, एकदा गाडी उचलली की धाप लागते, म्हणून दोन श्वास जास्त घेऊन मगच पुढचं काम.

खिंडीच्या खाली शेवटच्या घसाऱ्यात माझी गाडी अडली. एक वाजायला थोडाच वेळ होता, पश्चिमेकडून ढग येत होते. गाडी गिअरमध्ये बंद पडली, पुढचा ब्रेक लागला, मी उभा राहिलो. हात थरथरत नव्हते. वर बघितलं, खिंड दिसत होती, फार तर दोनशे मीटर. दादा खालून ओरडला, "ढकलायचं का, की फिरायचं?" मी म्हटलं, "फिरूया दादा." हँडल डावीकडे, क्लच आत, एक वीत, थांबा. ज्या गवताळ उतारावर हे शेकडो वेळा केलं तिथे कधी वाटलं नव्हतं की हीच हालचाल इतक्या उघड्या जागी, इतक्या शांतपणे हातातून निघेल. गाडी आडवी झाली, तोंड खाली झालं, मी निघालो. त्या दिवसातला हा क्षण मला खिंड गाठण्यापेक्षा मोठा वाटतो आणि मी तो कुणालाही अभिमानाने सांगतो.

उतरताना तिसऱ्याची गाडी एका घळीत गेली, चढून बाहेर येईना. पट्टा काढला, पुढच्या फोर्कला खालच्या बाजूने बांधला, दोघं वरून ओढायला आणि तो बाजूला उभा राहून पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर. ओढणाऱ्यांनी "एक दोन तीन" म्हणायचं आणि त्याच ठेक्यावर त्याने क्लच सोडायचा, नाहीतर चाक नुसतं माती उडवतं. तेव्हा दादाने एर्झबर्गची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियातल्या लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून ही शर्यत होते, सुरुवातीला पाचशे गाड्या असतात आणि शेवटपर्यंत पोचणारे अगदी मोजके. २०१५ मध्ये 'डाउनटाउन' नावाच्या एका टप्प्यावर जॉनी वॉकर, ग्रॅहम जार्विस, आल्फ्रेडो गोमेझ आणि आंद्रेआस लेट्टनबिखलर हे चौघंही अडकले, एकट्याने कुणालाच निघता येईना, मग चौघांनी एकमेकांच्या गाड्या ओढून वर काढल्या आणि शेवटची रेघ एकत्र ओलांडली. चौघांनाही विजेते घोषित केलं. जगातल्या सगळ्यात चांगल्या रायडरांना जर जोडीदार लागतो तर आपण एकट्याने डोंगरात जाऊ नये, एवढं साधं आहे ते.

जंगलात परत आल्यावर माझं मागचं टायर पंक्चर झालं. त्याची एकच युक्ती सांगतो कारण ती कळेपर्यंत लोक टायर लिव्हरशी, म्हणजे टायर काढायच्या पट्टीशी, झटापट करत बसतात. टायरची कड लिव्हरने उचलताना बरोबर समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून ठेवायची, तिथे घेर कमी असतो, तेवढी ढील इकडे मिळते. रिम लॉकचा नट आधी सैल करायचा. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, आणि ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच ती आत सारायची म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. सोबत एकच ट्यूब न्यायची झाली तर २१ इंची न्या, अडचणीच्या वेळी ती मागच्या १८ इंची टायरमध्येही दुमडून बसते आणि घरापर्यंत पोचवते.

रस्त्याला लागल्यावर हवा भरली आणि अंधार पडायच्या आत पोचलो. दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, एअर फिल्टर धुऊन वाळवून तेल लावून बसवला, स्पोक एकेक करून पान्ह्याने टिचकी मारून तपासले, जो भद्द वाजला तो आवळला, चेनची ढील बघितली. मग पुन्हा नकाशा उघडला. त्या खिंडीला पलीकडच्या बाजूने जी वाट येते तिथे समोच्च रेषा थोड्या विरळ आहेत आणि घसाऱ्याऐवजी खडक दाखवलाय. दादाला फोटो पाठवलाय, तो म्हणतोय बर्फ वितळून वाट कोरडी झाली की तिकडून जाऊ, तोवर खडकावर पाय न टेकवता चालवायचा सराव करून ठेव.